सहा वर्षांचा दोरा

आमच्या घरात मासा शिजत नाही. अशा घरातल्या कर्त्या पुरुषाला बँकेतून निवृत्त झाल्यावर गळ टाकायचा छंद लागला. धरलेला मासा परत पाण्यात सोडला की पाप लागत नाही, असं आमच्या सदाशिवरावांचं शास्त्र. माशाला कोणी विचारलंय?

पण मला सांगायचंय ते पुंजारामांबद्दल. दर रविवारी हे शहरातल्या उस्मानपुऱ्यातून गाडी काढून पैठणला जायचे आणि तिथले पुंजाराम भोई आपल्या होडीतून यांना धरणाच्या पाण्यावर, नाथसागरावर, फिरवून आणायचे. "पोलीस ॲक्शन झालं तवा मी आईच्या पोटात व्हतो," एवढंच ते वय सांगायचे. म्हणजे जन्म अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासचा, यांच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. तरी हे त्यांना "अरे पुंजा" म्हणायचे आणि ते यांना "साहेब". मी "अहो पुंजाराम" म्हटलं की दोघंही अवघडायचे. मी मात्र हट्टानं म्हणायची.

धरण व्हायच्या आधीपासून ते गोदावरीत मासे धरत होते. तेव्हा सुताचा दोरा होता. रोज वाळत घालावा लागायचा, नाहीतर कुजायचा. मग नायलॉनचा तंगूस आला, तो उन्हानं कडक होऊन मोडायचा. म्हातारपणी गावातल्या लोकांची फाटलेली जाळी सांधून देणं हाच त्यांचा मुख्य धंदा उरला होता. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं, त्यात जाळ्याची सुई. ती बोटं चालत होती तोवर त्यांना आणि त्यांच्या बायकोला, भागूबाईंना, कुणापुढं पदर पसरावा लागत नव्हता. मी एकदा त्यांच्या ओट्यावर बसून ते काम पाहिलंय. माझ्या भरतकामाचं आमच्या भिशीत फार कौतुक होतं, पण त्या दिवसानंतर मी आपणहून कुणाला दाखवायला गेले नाही.

यांच्या रिळावर ब्रेडेड लाइन होती, बारीक धाग्यांची वेणी घालून केलेला दोरा. पुंजारामांनी तो पहिल्यांदा यांच्याकडेच पाहिला आणि वर्षभरात त्याची नाडी ओळखली. होडी सुटायच्या आधी ते दोरा खालच्या ओठावरून सरकवायचे, मग नखावरून. कुठं लव उठलेली लागली की तेवढा तुकडा कापून टाकायचे. रंग उडाला म्हणून दोरा जुना होत नाही, लव सुटली आणि गोल दोरा चपटा लागायला लागला की समजायचं, हे त्यांनी मला शिकवलं. तीन वर्षांनी त्यांनी सगळा दोरा दोन बाभळींना गुंडाळून उलटा भरला. आतला न वापरलेला भाग वर आला आणि दोऱ्याला आणखी तीन वर्षं मिळाली.

ती तीनही सरली तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आता दोन्ही तोंडं वापरून झाली. नवा भरा."

"अरे, ब्रेडेड लाइन दहा वर्षं टिकते. मी वाचलंय."

"टिकत आसंल. पर ह्या पान्यात खाली बाभळीची खोडं हायेत. जुना दोरा लई बेइमान. तुटावा तवा तुटत नाय, आन नगं तवा तुटतो."

यांनी फोन काढून त्यांच्या नाकासमोर धरला. पुंजारामांना वाचता येत नाही, हे यांना ठाऊक होतं. पैशाचा प्रश्न नव्हता हो. एका भोयानं आपल्याला शिकवावं, एवढंच यांना सोसत नव्हतं.

त्या रविवारी मीही होडीत होते. अकराच्या सुमारास गळ तळाशी खोडात अडकला. अशा वेळी पुंजाराम दोरा कापायचे, नाहीतर होडीतल्या काठीला गुंडाळून ओढायचे. हाताला कधीच नाही. त्यांनी काठी उचलली तसे हे ओरडले, "काठी नको! काठीनं हिसका बसून तुटेल. हातानं सोडव, सावकाश. दोऱ्याला काही नाही झालेलं, ते मला दाखवायचंच आहे तुला."

पुंजारामांनी माझ्याकडं पाहिलं. मी एक शब्द बोलायला हवा होता. 'कापा' एवढाच. मी डब्याचं झाकण लावत बसले.

त्यांनी दोरा दोन बोटांना एक वेढा देऊन हळूच ताणला. त्याच वेळी वारा सुटला आणि होडी फिरली. होडीचं, आमचं तिघांचं, सगळं ओझं त्या दोऱ्यावर आलं. इतक्या जुन्या दोऱ्यानं तुटायला हवं होतं. तो तुटला नाही. पुंजाराम ओरडले नाहीत, फक्त गुडघ्यावर बसले. तेवढ्यात खाली खोडानं गळ सोडला. यांनी सैल झालेला दोरा पाहिला आणि टाळी वाजवली.

"बघ! तुटला नाही!"

मग यांना रक्त दिसलं. गाडी मात्र यांनीच दामटली, तेवढं खरं सांगते. माझा पदर शहरात पोचेपर्यंत लाल झाला होता. दवाखान्यात दोन्ही बोटं अर्ध्यातून काढावी लागली.

महिन्याभरानं मी पैठणला गेले. ओट्यावर लोकांची न सांधलेली जाळी तशीच पडली होती. पुंजाराम डाव्या हातात सुई धरायला शिकत होते आणि सुई खाली पडत होती. भागूबाई म्हणाल्या, "लोकं आता जाळी परत नेऊ लागलीत, बाई. मी दोन घरची भांडी धरलीत." पुंजारामांनी मला बसायला सांगितलं, यांची तब्येत विचारली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात यांचे दोन मित्र चहाला आले, दोघंही गळाचे शौकीन. हे खुर्चीत पुढं सरकून सांगत होते, "सहा वर्षांचा दोरा! अख्ख्या होडीचं वजन पेललं त्यानं. लोक उगाच दर दोन वर्षांनी बदलतात."

मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि म्हटलं, "दोरा शाबूत आहे, खरंच. पुंजारामांची दोन बोटं गेली त्यात. उजव्या हाताची. आता त्यांना जाळं सांधता येत नाही."

यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच कुणाची बोटं कापली होती. एका मित्रानं बशी खाली ठेवली, घसा खाकरला. मला वाटलं, निदान हा तरी काही विचारील.

"कुठल्या कंपनीचा हो दोरा?" तो म्हणाला.

"थांबा, दाखवतो," म्हणत हे रीळ आणायला लगबगीनं आत गेले.