वसुधावहिनी नको म्हणतात

प्रतापराव घाटगे यांनी आयुष्यभर मोटारींचे ब्रेक तपासले. डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतरही खोड काही गेली नाही. ट्रॉयमध्ये त्यांच्या घरासमोर कुणाची गाडी थांबली की नुसत्या आवाजावरून ते पॅड झिजल्याचं निदान करत, आणि कुणी विचारलेलं नसलं तरी जाऊन सांगत. देवदत्तच्या बाबतीतही त्यांचं निदान पक्कं होतं. या माणसाला एकच ब्रेक आहे आणि त्याचं नाव वसुधा, असं ते गेली वीस-बावीस वर्षं म्हणत आले होते.

देवदत्त त्यांचा सगळ्यात जुना मित्र. दोघं एकाच गाडीतून कारखान्यात जायचे, आणि शिकारीला जायचं ठरलं तेही त्या गाडीतच.

मिशिगनमध्ये पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. उत्तरेकडे त्या दिवशी कितीतरी शाळांना सुट्टी असते. प्रतापराव मूळचे कागलचे. लहानपणी शिकारीच्या गोष्टी भरपूर ऐकलेल्या, पण बंदूक हातात आली ती इथे, कारखान्यातल्या गोऱ्या सहकाऱ्यांमुळे. त्यांच्याबरोबर ते दर वर्षी जायचे. मजा यायची, नाही असं नाही. पण पहाटे मचाणावर गप्प बसून बर्फावरून सरकत येणारा उजेड पाहिला की मनात जे दाटून यायचं, ते खाली उतरल्यावर सांगायला मराठी माणूस नसायचा. बाकीच्यांच्या विनोदांना हे जरा उशिराच हसायचे आणि बिअरची बाटली घेऊन कोपरा धरायचे. म्हणून एकदा त्यांनी देवदत्तला म्हटलं, आपण दोघंच जाऊ, उत्तरेच्या मोठ्या पुलापलीकडच्या जंगलात, चार दिवस. देवदत्तने स्टिअरिंगवर थाप मारून हो म्हटलं होतं.

त्याचं जे भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. खरं तर देवदत्तइतका उत्साही माणूस शोधून सापडला नसता. ऑगस्ट लागला की तो नकाशे काढायचा, मोटेलं शोधायचा, वाटेत चांगली कॉफी कुठे मिळते तेसुद्धा त्याला पाठ. केशरी जॅकेट त्याने केव्हाच आणून ठेवलं होतं. शिकाऱ्याला तसं काहीतरी अंगावर घालावंच लागतं, नाहीतर दुसरा शिकारी त्यालाच हरीण समजायचा. ते जॅकेट कपाटात दुकानाच्या टॅगसकट लटकत होतं. आणि दर वर्षी ऑक्टोबर संपता संपता कुठेतरी माशी शिंकायची. देवदत्तचा फोन यायचा, आवाज पडलेला: "सॉरी यार. वसुधा नको म्हणते."

प्रतापरावांनी वसुधावहिनींना तोंडावर कधी काही म्हटलं नाही. पण मनात अढी बसली ती बसली. मंडळाच्या गणपतीत त्या समोरून आल्या की हे प्रसादाच्या रांगेत शिरायचे. हे सहकाऱ्यांबरोबर शिकारीला निघाले की वहिनी न चुकता डिंकाचे लाडू पाठवायच्या. यांनी त्यातला एकही कधी खाल्ला नाही, सगळे कारखान्यात वाटून टाकले. "नवऱ्याला चार दिवस मोकळं सोडवत नाही, आणि लाडू कसले पाठवतात," असं ते आपल्या बायकोला, शुभाला, म्हणायचे. शुभा म्हणायची, "तुम्हाला काय माहीत तिच्या मनात काय असतं ते." आणि विषय बदलायची.

पुढे शुभा गेली. कारखान्यातले शिकारी दोस्त काही वारले, काही फ्लोरिडाला जाऊन बसले. प्रतापरावांच्या छातीत स्टेंट पडला, आणि दूर पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला राहणाऱ्या मुलाने, ऋषीने, फर्मान काढलं की येत्या उन्हाळ्याआधी घर विकायचं आणि बाबांनी आमच्याकडे यायचं. नातवंडांच्या घरात बंदूक चालणार नाही, हे ओघाने आलंच. यंदाची शिकारही त्याने मोडीत काढली असती, पण सून मध्ये पडली. आश्लेषा फोनवर म्हणाली, "बाबा, मी ऋषीला कन्व्हिन्स केलंय. तुम्ही जा. फक्त एकटे नको, देवदत्तकाकांना घेऊन जा. आणि हातमोज्यात ठेवायच्या त्या गरम पुड्या असतात ना, त्या मी ऑर्डर केल्यात तुमच्यासाठी." शुभा गेल्यापासून त्यांच्या मनातलं ओळखून कुणी बोललं असेल तर ते एवढंच. म्हणजे देवदत्त आला तर शिकार, नाहीतर बंदूक विकायची आणि विमानात बसायचं. पुढचा नोव्हेंबर त्यांच्यासाठी नव्हताच.

पण देवदत्तकडे आता वेगळीच अडचण होती. वसुधावहिनींना विस्मरणाचा आजार जडला होता. इतकी वर्षं इथल्या लायब्ररीत काम केलेल्या बाईचं आधी इंग्रजी गेलं, मग आजचा दिवस गेला. म्हाताऱ्या माणसांच्या डे केअरमध्ये त्यांना ठेवून पाहिलं, तर तिथे त्यांचं कुणाला कळेना आणि कुणाचं त्यांना कळेना. दिवसभर रडत बसल्या. तेव्हापासून देवदत्तने त्यांना एकटं सोडलं नव्हतं.

"हिला टाकून कसा येऊ, तूच सांग," देवदत्त म्हणाला. हंगाम अगदी तोंडावर आला होता आणि प्रतापराव सकाळीच त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसले होते.

"टाकून कशाला? मंडळातली आसावरी येऊन राहील. मी बोललोय तिच्याशी. नागपूरची आहे, मराठी बोलते, सासूचं सगळं तिनेच केलंय."

"ही अनोळखी माणसाजवळ राहत नाही रे."

"मी तरी वहिनींना कुठे ओळखीचा आहे आता? आज दुपारी मी बसतो. शांत राहिल्या तर तू येणार. तू तोवर जा, हेअरकट कर, शिकारीचं लायसन्स घेऊन ये."

"बघू ना. म्हणजे, पुढच्या वर्षी जरा…"

"पुढचं वर्ष नाहीये, देवा." प्रतापराव खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "लाज सोडून सांगतो. शुभा गेल्यापासून मी या एका गोष्टीवर दिवस काढलेत. एवढं दे मला. परत काही मागणार नाही."

देवदत्तने खुंटीवरची किल्ली घेतली, कपाटातून ते केशरी जॅकेट काढलं आणि म्हणाला, "ओके. आणतो लायसन्स."

दुपारी वहिनी दिवाणखान्यात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हात गुंतलेले असले की त्यांना बरं वाटायचं. प्रतापराव समोर जाऊन बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. केस अगदी विरळ झाले होते, ब्लाउज खांद्यावर सैल झाला होता. या बाईवर आपण इतकी वर्षं डूख धरून बसलो, असं काहीतरी मनात आलं. ते त्यांनी बाजूला सारलं.

वहिनींनी मान वर केली. "अहो, आलात का? आज लवकर सुटला कारखाना?"

त्यांची चूक सुधारायची नाही, असं देवदत्तने बजावून ठेवलं होतं. "हो," प्रतापराव म्हणाले.

"प्रतापभावजींचा फोन आला होता. शिकारीचं विचारत होते."

प्रतापरावांनी ताटातली एक शेंग उचलली. "मग?"

"मग काय? माझं नाव सांगा, नेहमीसारखं." वहिनींनी दाणे वाटीत टाकले. "तुम्हाला साधी कोंबडी कापलेली बघवत नाही, तुम्ही हरीण काय मारणार? पण भावजींना वाईट वाटेल म्हणून दर वर्षी हो म्हणून बसता आणि मग रात्र रात्र झोप नाही. सांगा, वसुधा नको म्हणते."

प्रतापरावांनी शेंग न सोलताच परत ताटात ठेवली.

"मी वाईट झाले तर झाले," वहिनी म्हणाल्या. "भावजी बोलत नाहीत हल्ली माझ्याशी. कळतं मला. पण तुमची मैत्री मोडायला नको. परदेशात आणखी आहे कोण आपल्याला?" मग जरा थांबून म्हणाल्या, "लाडू देऊ त्यांच्याबरोबर. म्हणजे फार लागणार नाही त्यांच्या मनाला."

वहिनी, मीच तो, असं म्हणून त्यांचे पाय धरावेत असं प्रतापरावांना वाटलं. पण ते कुणाला कळलं असतं? देवदत्त जसा बोलला असता तसंच ते बोलले. "तुझे लाडू फार आवडतात त्याला. एकही कुणाला देत नाही."

वहिनी हसल्या आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या. दुपारभर त्या शांत होत्या. प्रतापराव मात्र बसल्या जागी खचले होते. ते सगळे ऑगस्ट, नकाशे, कॉफीची दुकानं, टॅगसकट लटकणारं जॅकेट, हे सगळं भिडेपोटी होतं तर. ज्या एका गोष्टीवर आपण दिवस काढले ती कधी नव्हतीच. मचाणावर दुसरी जागा ठेवली होती आपण, आणि ज्याच्यासाठी ठेवली त्याला तिचा धाक होता. देवदत्तवर रागावावं म्हटलं तर रागही येईना. आपल्याला वाईट वाटू नये म्हणूनच त्याने हे सगळं केलं होतं, आणि तेच जास्त लागत होतं.

दार उघडलं. देवदत्त ते कोरं जॅकेट घालून आत आला. टॅग कापलेला होता. त्याने लायसन्सचा कागद टेबलावर ठेवला. दात उपटून घ्यायला निघालेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"घेतलं. आता माघार नाही. राहिली का ही?"

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. प्रतापरावांनी क्षणभर खरंच तो विचार केला. देवदत्त आला असता. चार दिवस थंडीत कुडकुडला असता, रक्त दिसलं की तोंड फिरवलं असतं, आणि मजा आली म्हणाला असता. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि आता ते त्यांना नको होतं.

"राहिल्या. एकदम शांत," ते म्हणाले. "पण आता माझंच घोडं अडलंय. मघाशी फोन आला होता. आश्लेषा नको म्हणते."

"काय सांगतोस?"

"हार्टचं कारण काढते. सुनेपुढे काय बोलणार?"

देवदत्तचे खांदे खाली आले. "छे. एवढं सगळं जमवलं आणि…" असं तो म्हणाला, पण तोवर त्याचा हात जॅकेटच्या चेनवर गेलाही होता. आवाज तोच होता, ऑक्टोबरअखेरच्या फोनवरचा. प्रतापराव तो इतकी वर्षं ऐकत आले होते आणि दर वेळी त्यांना तो दुःखाचा वाटला होता. देवदत्तने जॅकेट उतरवून खुर्चीवर टाकलं आणि चहाचं आधण ठेवलं. चहा करताना तो शीळ घालत होता. निघताना गाडीपर्यंत सोडायला आला आणि खिडकीत वाकून म्हणाला, "सुनेला सांग तुझ्या, काका रागावलेत तिच्यावर."

"सांगतो," प्रतापराव म्हणाले.

घरी पोहोचले तर दारात खोकं पडलं होतं. त्यात गरम पुड्या होत्या, दोन माणसांना पुरतील इतक्या. खोकं तसंच हातात धरून ते अंधारत चाललेल्या दिवाणखान्यात उभे राहिले. तेवढ्यात आश्लेषाचा फोन आला.

"बाबा, पार्सल मिळालं का? काका तयार झाले ना?"

"मिळालं गं. पण त्याचं जमत नाहीये."

"का? मी बोलू का त्यांच्याशी? मी पटवते त्यांना."

"नको, नको." प्रतापराव घाईने म्हणाले. देवदत्तला मुळात कधी यायचंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडून निघेना. ते बोललं की ते कायमचं खरं झालं असतं. दुसरं काय सांगावं तेही सुचेना. "तो तयार होता. वसुधावहिनी नको म्हणतात."

पलीकडे आश्लेषाने उसासा सोडला. "काय या काकू पण. तुमचं एवढंसं सुख बघवत नाही त्यांना."

तसं नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग खोकं जमिनीवर ठेवलं आणि तिला आपलं विमानाचं तिकीट बघायला सांगितलं.