मला शंका आहे, असं मी म्हणालो

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी सगळं सांगतो, ऑफिसात कुणी काय टोमणा मारला इथपर्यंत. हे राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी राहू दिलं.

तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटणार नाही.

आधी मी कोण ते सांगतो. भुसावळचा. वडील रेल्वेत खलाशी होते. आमच्या सगळ्या नातेवाइकांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. का सांगू नये? कुणाची मेहेरबानी नव्हती ती. आता फोरबर्गला राहतो, द हेगला लागूनच. यंत्रांचा आवाज आणि कंपनं हा माझ्या नोकरीचा विषय. स्वतःचा फ्लॅट आहे, आणि इमारतीच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. कमिटीवर गेलेला पहिला भारतीय. हा ‘पहिला’ शब्द मला फार आवडतो. इतका आवडतो, की तो टिकवायला माणूस काय काय करतो ते बघा आता.

आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, सपाट डांबरी छताच्या अगदी खाली, स्नेहल राहते. अकोल्याची. विद्यापीठात संशोधन करते, एकटी असते. भीमजयंतीच्या कार्यक्रमात भेट झाली, बोलता बोलता कळलं की दोघं एकाच जिन्यानं चढतो. त्या दिवसापासून मी तिचा दादा. कर भरायचा असो, डॉक्टरकडे नाव घालायचं असो, खेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, काही डचमधलं आलेलं असो — ती खाली यायची. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

तिची आई नाही. वडील आहेत, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांना दम्याचा आणि हृदयाचा त्रास, त्यामुळे इथल्या थंडीत येता येत नाही. व्हिसा मिळतो तो पाहुण्याचा, तेवढ्यापुरता. म्हणून ते उन्हाळ्यात यायचे. लेकीसोबत राहायचे ते काय तेवढेच दिवस. जिन्यात भेटले की खणखणीत आवाजात ‘जयभीम, इंजिनियर साहेब!’ मी पण म्हणायचो. सोबत ऑफिसातलं कुणी मराठी असलं, तर जरा हळू म्हणायचो. हेही लिहून टाकतो, आता लपवून काय करू?

पहिल्या उन्हाळ्यात काका आले आणि नेमकी उष्णतेची लाट आली. इथली घरं थंडीसाठी बांधलेली, आत आलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही म्हणून. वरच्या मजल्याची तर भट्टी होते. काका हसण्यावारी न्यायचे. ‘आमच्या अकोल्यात ऊन बाहेर असते बाप्पा, इथं घरात येऊन बसते.’ पण रात्ररात्र ते खिडकीपाशी बसून काढायचे. स्नेहलनं तो फिरता एसी आणला, खिडकीतून जाड नळी बाहेर काढायचा. त्या फटीतून होती नव्हती तेवढी गरम हवा आत, आणि घरघर अशी की काकांचा डोळा लागेना.

त्याच वर्षी थंडीत तिचा घर गरम ठेवणारा बॉयलर बिघडला. दुरुस्त करणारा म्हणाला, ढकलत न्याल अजून थोडे दिवस, पण बदलायची वेळ झाली. बदलायचाच तर हीट पंप घ्या, हिवाळ्यात घर गरम करील, उन्हाळ्यात गार. स्नेहलचा चेहरा उजळला होता मला सांगताना. पुढच्या उन्हाळ्यात बाबांना त्रास होणार नाही. तिच्या डोक्यात एवढं एकच होतं.

फक्त बाहेरचं युनिट छतावर बसवावं लागणार होतं. आणि छत सगळ्यांचं.

मग सुरू झाली ती फिरवाफिरवी. खेमेंटे म्हणाली, रस्त्यावरून दिसणार, तेव्हा परवाना लागेल, पण आधी सोसायटीची संमती आणा. सोसायटी म्हणाली, आधी आवाजाचा हिशेब आणा, शेजाऱ्यांना किती ऐकू जाईल त्याचा. यंत्र बसवणारी कंपनी म्हणाली, परवाना हातात पडल्याशिवाय तारीख देत नाही. सगळे अतिशय नम्र. कुणी नाही म्हणत नव्हतं, आणि कुठूनच हो येत नव्हतं. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हणालो, बस, आपण करू.

आणि केलं. माझ्याच जेवणाच्या टेबलापाशी बसून अख्खा अर्ज मी तयार करून दिला. आवाजाचा हिशेब कंपनीनं केला होता, तो मी स्वतः पुन्हा करून पाहिला. हा माझा धंदा आहे, यात मला कुणी शिकवायला नको. मर्यादेच्या चांगला आत होता. मी तिला सांगितलं, यात बोट ठेवायला जागा नाही. हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

सोसायटीची सभा वर्षातून एकदा, वसंतात. स्नेहलला त्याच आठवड्यात कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. तशी इथे सोय आहे, आपलं मत दुसऱ्याकडे सोपवता येतं. तिनं कागदावर सही करून तिचं मत माझ्याकडे सोपवलं. ‘दादा, तू आहेस म्हणजे मी निवांत,’ असं म्हणून गेली.

थांबतो जरा. इथवर कितीदा तरी लिहून झालंय, आणि इथेच प्रत्येक वेळी पाणी प्यायला उठतो.

सभा खालच्या हॉलमध्ये. कॉफी, बिस्किटं, लिफ्टच्या देखभालीवर लांबलचक चर्चा. मग स्नेहलचा विषय आला. तळमजल्यावरचा विम — म्हातारा, गप्पिष्ट, प्रत्येक विषयावर काहीतरी गंमत करणारा — माझ्याकडे बघून हसत म्हणाला, ‘तुमच्याच गावची ना ती? मग तुमचं मत काय, ते आम्हाला ठाऊकच आहे.’

सगळे हसले. वाईट नव्हतं हो ते हसणं. गावचा माणूस गावच्या माणसाची बाजू घेणार, एवढंच. मी पण हसलो.

पण माझ्या कानात दुसरंच काहीतरी वाजलं. कॉलेजच्या हॉस्टेलची मेस. ताट घेऊन बसलो की पाठीमागून यायचं ते — यांचं काय, यांना जागा ठेवलेलीच असते. यांचं आपसात बरोबर चालतं. मार्क माझे असायचे, रात्रभर जागलेले डोळे माझे असायचे, आणि वर हे. तेव्हापासून मी एक गोष्ट पाळत आलोय: आपल्या माणसाला आपण झुकतं माप दिलं, असं कुणाला म्हणायची संधी द्यायची नाही. कधीच नाही. विमला या सगळ्याचा पत्ता असायचं काही कारण आहे का? त्यानं आयुष्यात असलं काही ऐकलेलं नसेल. पण घाम मला फुटला, त्या गारठलेल्या हॉलमध्ये.

अध्यक्ष बाईंनी विचारलं, तुम्ही यातले जाणकार आहात, हे ठीक वाटतं का? साधा प्रश्न. हो म्हणायचं होतं. जे खरं होतं तेवढंच म्हणायचं होतं. बाकी काही नाही.

मी म्हणालो, ‘मला शंका आहे.’

वर आणखीही बोललो. छताला कंपनं जातील, याचा नीट अभ्यास व्हायला हवा. एकाला दिलं की उद्या सगळे मागतील. घाई नको. माझं डच एरवी अडखळतं, त्या दिवशी एकदम सफाईदार आलं. आणि खरं सांगू का — बोलताना छान वाटत होतं. माना हलत होत्या. बघा, किती निःपक्षपाती माणूस आहे.

मतदान झालंच नाही. जाणकारालाच शंका म्हटल्यावर कोण कशाला हात वर करील? विषय पुढच्या वर्षीच्या सभेवर गेला. एकटा विम तेवढा म्हणाला, पण तिचे वडील आजारी असतात ना? त्यावर अध्यक्ष बाईंनी पुढचा विषय घेतला. मी बिस्कीट उचललं. स्नेहलचं मत माझ्या बॅगेत होतं, ते तसंच घरी आलं. सभेच्या वृत्तांतात कोण काय बोललं ते लिहीत नाहीत, काय ठरलं तेवढंच लिहितात.

एवढंच असतं, तर भित्रेपणा म्हणून सोडून देता आलं असतं कदाचित. पण स्नेहल परत आली, धावत खाली आली, आणि मी तिला सांगितलं की मी फार प्रयत्न केला. ऐकतच नाहीत गं. हे लोक असेच, नियमावर बोट ठेवून बसणारे. तिनं विचारलं, कोण होतं विरोधात? मी विमचं नाव घेतलं नाही. फक्त म्हणालो, तळमजल्यावरच्यांनी विषय काढला. या शेवटच्या वाक्यातला एक शब्दही खोटा आहे का सांगा! असं खोटं बोलायला शिक्षण लागतं.

ती माझे आभार मानून गेली. दुसऱ्या दिवशी डब्यात वांग्याची भाजी आणि भाकरी घेऊन आली. मी जेवलो.

काका आले. उन्हाळा आला. मागच्यापेक्षा वाईट आला. खिडक्यांना आतून चंदेरी कागद, ओले पंचे, पाय बादलीत. स्नेहल दुपारी त्यांना ग्रंथालयात नेऊन बसवायची, तिथे गार असतं. पण चार मजले उतरायचे नि चढायचे — लिफ्ट तेव्हा बंद होती — ते त्यांना झेपेना. विमनं कुठून ऐकलं कोण जाणे, स्वतःचा पंखा उचलून वर घेऊन गेला. स्नेहलनं दारातूनच नको म्हटलं आणि दार लावून घेतलं. मला संध्याकाळी रागारागानं सांगत होती: आता आला पंखा द्यायला, तोंड वर करून! मी तेव्हा बोलू शकलो असतो. एक वाक्य होतं. ते तोंडाशी आलं, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं ते, जाऊ दे गं.

आणि मग काका स्वयंपाकघरात पडले. अँब्युलन्सवाल्यांनी त्यांना खुर्चीत बांधून जिन्यानं उतरवलं, मी पुढे होऊन दारं उघडत होतो. उष्णता हृदयाला झेपली नाही, असं हॉस्पिटलात म्हणाले. बरे झाले, म्हणजे व्हिसा संपण्याआधी विमानात बसण्याइतके बरे झाले. अकोल्याच्या डॉक्टरांनी मात्र सांगून टाकलं की पुन्हा एवढा लांबचा प्रवास नाही. आता ते पुतण्याकडे असतात. स्नेहल वर्षातून एकदा जाऊन येते, रजा असेल तेवढी.

जायच्या दिवशी काका व्हीलचेअरवर होते. विमानतळावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, ‘साहेब, तुम्ही आमच्यासाठी भांडले. आपला माणूस असतो तो असा.’

माझी मान हलली. हो म्हणून हलली. मी काय करू शकत होतो, असं मी स्वतःला विचारतो, आणि उत्तर दर वेळी लगेच मिळतं. त्याचाच त्रास आहे.

पुढच्या वसंतातल्या सभेत विषय मीच मांडला. मी सांगितलं, पाहिलंय, सगळं ठीक आहे. तोच हिशेब होता, एक आकडा बदललेला नव्हता. कसलाही अभ्यास झाला नव्हता. कॉफी गार व्हायच्या आत सगळ्यांचे हात वर. अध्यक्ष बाई म्हणाल्या, नीट तपासून घेतलं ते बरं झालं. माझे आभारही मानले. खेमेंटेचा परवानाही मग आला, काही खळखळ न होता.

मी वर गेलो स्नेहलला सांगायला. तिनं सगळं ऐकून घेतलं. टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता. नुकतंच काकांशी बोलणं झालं होतं, तुला जयभीम सांगितलाय म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘आता कुणासाठी, दादा?’

पहिल्या सभेत मी काय बोललो, ते सांगण्यासारखं होतं. ती समोर होती, घरात दोघंच होतो.

तिनं चहा टाकला. आलं घालून, मला आवडतो तसा. मी तो प्यायलो, कप विसळून ठेवला आणि खाली आलो. सांगितलं नाही. त्यानंतरही नाही.