डेलमरची उचकी

माझी भावजय मॉझेल चौसष्ट वर्षांची झाली तोवर तिनं कधी बंदुकीला हात लावला नव्हता, की शिकारीसाठी रानातल्या टर्की पक्ष्याला मादीच्या आवाजात हाक मारली नव्हती. एकतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी बिस्किटं थापली आणि निवृत्त होताना तिथलं एक पोचे आलेलं भलंमोठं पातेलं घरी आणलं. त्या पातेल्याचं पुढं काय झालं ते सांगतेच. पण आधी डेलमर प्रुइटचं सांगते, कारण त्या मेल्याचं नाव घेतल्याशिवाय ही हकिकत पुढं सरकत नाही.

माझा भाऊ हॉयट आणि डेलमर यांच्या जमिनींच्या मध्ये तारेचं एक कुंपण. टेकडी हॉयटची, खालचं कुरण डेलमरचं. टर्की रात्री हॉयटच्या झाडांवर झोपायचे आणि उजाडल्यावर डेलमरच्या कुरणात चरायला उतरायचे. चाळीस वर्षं यावरून कुणाचं काही बिनसलं नाही. मग हॉयटची छाती गेली. कोळशाच्या खाणीतली सगळी धूळ त्यानं आत साठवून ठेवली होती. डॉक्टरनं उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली. हॉयट म्हणाला, "मग वसंत आहे की माझ्या हातात. एक नर पाडतो आणि जातो."

तीन आठवडे तो रोज पहाटे टेकडीवरच्या ओकच्या झाडापाशी जायचा. जायचा म्हणजे काय, दहा पावलं चालायचा आणि बसायचा. मॉझेल मागून स्टूल घेऊन चालायची. हॉयटला कवळी होती, त्यामुळं पक्ष्याला हाक मारायची पिपाणी त्याला तोंडात कधी धरता आली नाही. आमच्या बापानं बनवलेली देवदाराची डबी होती, तिचं झाकण घासून तो मादीचा आवाज काढायचा. ती डबी जरा चिरकी वाजायची. आसपासच्या सगळ्या शिकाऱ्यांना तो आवाज पाठ होता. डेलमरलाही होता, हे लक्षात ठेवा.

एका सकाळी नर आला. मॉझेल हॉयटच्या मागं बसून बघत होती. पिसारा फुलवून, आरोळ्या ठोकत तो चाळीस पावलांवर आला. हॉयटनं गुडघ्यावर टेकवलेली बंदूक गालाला लावली, आणि कुंपणाकडून धाडकन बार झाला. नर तिथंच आडवा. डेलमर तारेवरून उडी मारून आला, पक्षी पायाला धरून उचलला आणि म्हणाला, "अरे हॉयट, तू होतास होय? मला वाटलं खरीच मादी बोलतेय."

घरी येताना हॉयट एवढंच म्हणाला, "पक्षी छान होता." त्यानंतर त्याला टेकडी चढवली नाही. शिकारीच्या मोसमाचे आठ दिवस उरले होते. ते आठही दिवस तो पहाटे खिडकीपाशी खाटेवर पडून कान देऊन ऐकायचा. टेकडीवर एकही आरोळी उठली नाही. उठणार कुठून, त्या वसंतात आरोळी देण्याएवढा मोठा एकच नर होता, आणि तो डेलमरच्या फ्रीजमध्ये होता. तिकडं दुकानात डेलमर सगळ्यांना सांगत होता, "ज्यानं पाडला, पक्षी त्याचा. त्यात काय एवढं!"

जूनमध्ये हॉयट गेला. डेलमर दफनाला आला तो टोपी छातीशी धरून. टोपीच्या दोरीत त्या नराच्या पायाच्या दोन नख्या ओवलेल्या होत्या, सव्वा इंची, पॉलिश केलेल्या. माझं डोकंच सटकलं. मी पुढं झाले तशी मॉझेलनं माझा दंड धरला. "आज नको, आयडा," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. तेव्हाच मी ओळखलं की ही बाई काहीतरी करणार.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण उरकल्यावर, तिनं रताळ्याचं गोड सारण भरून ‘पाय’ नावाचा पदार्थ भाजला आणि मला म्हणाली, "चल, डेलमरकडं जायचंय."

"त्याच्या तोंडावर फेकायला?" मी विचारलं.

"खायला द्यायला. मला पिपाणी शिकायचीय त्याच्याकडनं."

मला वाटलं दुःखानं हिचं डोकं फिरलं. पण गेले सोबत. डेलमरनं हातातली ताटली बघितली, मग आमच्याकडं बघितलं. मॉझेल मान खाली घालून म्हणाली, "घर खायला उठतं हो. हॉयटची टेकडी आहे, पक्षी आहेत. मला निदान हाक मारता आली, तर तेवढाच विरंगुळा." डेलमर फुगला. टर्कीच्या हाकेच्या स्पर्धेत तो जिल्ह्यात पाच वेळा पहिला आलेला, आणि कौतुक ऐकलं की त्याला जेवण लागत नसे.

ती पिपाणी म्हणजे घोड्याच्या नालेएवढीही नाही, अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. अर्धगोल चौकटीत पातळ रबर ताणलेलं. ती टाळूला चिकटवायची, जिभेनं दाबायची आणि वरून वारा सोडायचा. पहिल्या दिवशी मॉझेलनं ती तोंडात घातली आणि डेलमरच्या गुलाबावर ओकली. दुसऱ्या वेळी नुसती लाळ. तिसऱ्या वेळी जो आवाज निघाला, त्यानं डेलमरचं कुत्रं ओसरीखाली जाऊन बसलं.

"गाल फुगवू नका, मिस मॉझेल. मेणबत्त्या विझवताय का तुम्ही? चष्म्याची काच पुसताना कशी वाफ सोडता? हा करून? तशी सोडा, पोटातनं. आणि जबडा खाली पाडा."

"जबडा खाली पाडला की पिपाणी घशात जाते माझ्या!"

"जाऊ दे. माझ्या दोन गेल्यात. काही होत नाही, निघतात."

दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती गेली. घरी भांडी घासताना पिपाणी, गाडी चालवताना पिपाणी. एकदा चर्चमध्ये तोंडातून काढायची राहिली आणि सगळे आमेन म्हणाले तेव्हा हिच्या तोंडातून क्याँक निघालं. पाद्री थांबला. मी खोकल्याचं नाटक करून वेळ मारून नेली, पण पोटात हसू मावेना. हॉयट गेल्यापासून पहिल्यांदा हसले मी.

नाताळापर्यंत तिला साधी हाक येऊ लागली. झाडावरून उतरणाऱ्या मादीची कुजबुज आली, चरतानाची कुरकुर आली. पण तिला हवं होतं ते वेगळंच. डेलमरची स्वतःची एक हाक होती. तीन लांब सूर, मग उचकी लागल्यासारखा एक तुटका, मग चार घाईचे. ती उचकी ऐकली की मैलभर लांबचा माणूस सांगायचा, डेलमर रानात आहे.

"ती उचकी दाखवा की," मॉझेल म्हणाली.

"छे छे. ती मी कुणाला देत नाही."

"राहू द्या मग. हॉयट म्हणायचा, तसली हाक अलाबामात दुसऱ्या कुणाच्या बापाला जमायची नाही. मला तर नाहीच जमणार."

हॉयट असलं काही जन्मात बोलला नव्हता. पण डेलमरची कळी खुलली. जानेवारीभर त्यानं जिभेची बाजू कुठं दाबायची, वारा कुठं अडवायचा, सगळं पढवलं. फेब्रुवारीत एकदा तो मागं लाकडं आणायला गेला असताना मॉझेलनं ती हाक मारली, तर आतून त्याची बायको ओरडली, "डेलमर, पुरे आता, जेवायला चल!" मॉझेलनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर एक रेषही हलली नाही. त्यानंतर ती शिकायला गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

मोसम एप्रिलमध्ये उघडायचा. मार्चच्या पहिल्या तारखेला पहाटे तिनं मला उठवलं. तिच्या हातात ते शाळेचं पातेलं होतं, माझ्या हातात तिनं लोखंडी डाव दिला.

आम्ही हॉयटच्या ओकपाशी बसलो. आपल्या हद्दीत, आपल्या झाडाखाली. तिनं डेलमरची हाक मारली, उचकीसकट. वरून आरोळी आली. आणखी एकदा मारली. नर झाडावरून उतरला, पिसारा फुलवून डुलत डुलत आला. तीस पावलांवर आला तेव्हा तिनं मला कोपर मारलं. मी पातेल्यावर जो डाव हाणला, त्यानं माझे स्वतःचे दात हलले. नर धडपडला, एका झुडपावर आपटला आणि उडून दरीपार गेला.

शिकारी माणसाला विचाराल तर यापेक्षा मोठं पाप नाही. मोसमाआधी पक्ष्याला हाकेवर बोलवून घाबरवायचं म्हणजे त्याला शहाणं करून सोडायचं. मला पापबिप सांगू नका. रोज सकाळी मी तो डाव हाणत होते आणि दर दणक्याला मला त्या टोपीवरच्या नख्या दिसत होत्या. फार बरं वाटायचं. एकवीस सकाळी आम्ही हे केलं. शेवटी शेवटी पातेलं वाजवायची गरजच उरली नाही. तीन सूर व्हायचे तोवर नर उत्तर द्यायचे, आणि उचकी आली की सगळी टेकडी चिडीचूप.

एप्रिल उजाडला. पहिल्या दिवशी मॉझेल आणि मी ओसरीवर कॉफी घेऊन बसलो. खाली कुरणात डेलमरनं हाक मारली. चार नर ओरडत होते, चौघेही गप्प झाले. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा मारली. तासाभरानं त्याची गाडी निघून गेल्याचा आवाज आला. मॉझेलनं कॉफी संपवली आणि म्हणाली, "आणखी घेतेस?"

पाच आठवडे हेच. दुकानात लोक त्याची सालटी काढू लागले. "काय डेलमर, पक्ष्यांनी तुला वाळीत टाकलं का?" "उचकीवर पाणी पी जरा!" बाहेरगावचे लोक शिकारीला घेऊन जायचा तो, तेही हात हलवत परत गेले. चेहरा उतरला त्याचा. मोसमाच्या शेवटच्या शुक्रवारी तो मॉझेलच्या ओसरीपाशी आला, टोपी हातात घेऊन.

"मिस मॉझेल, माझा वारा गेला बहुतेक. म्हातारा झालो. उद्या शेवटचा दिवस. तुम्ही हाक मारा, मी बंदूक धरतो. शिकवलंय तुम्हाला, एवढं करा माझ्यासाठी."

मॉझेल म्हणाली, "हॉयटच्या ओकपाशी या. पावणेसहाला."

मीही गेले. सोडते होय मी! मागं एका ओंडक्याला टेकून बसले. डेलमर ओकला पाठ लावून बसला, जिथं हॉयट बसायचा तिथंच. मॉझेल त्याच्या मागं, जिथं ती बसायची तिथं. तिनं साधी हाक मारली, मऊ, अगदी थोडी. वरून आरोळी आली. ती गप्प राहिली. नर उतरला, जवळ येऊन ओरडला. तिनं चरतानाची कुरकुर केली. मी सांगते, इतकी सुरेख हाक मी हॉयटच्या डबीचीही ऐकली नव्हती. नर डॉगवुडच्या झुडपाआडून बाहेर आला. साठ पावलं. पन्नास. डेलमरनं गुडघ्यावरची बंदूक गालाला लावली.

चाळीस पावलांवर नर थांबला आणि मान वर केली. तेव्हा मॉझेलनं डेलमरची हाक मारली. तीन सूर आणि उचकी.

नर घाबरून टुक असं ओरडला आणि उडाला. फांद्या मोडल्या, आणि मग रानात काही म्हणजे काही ऐकू येईना. डेलमर हळूहळू वळला. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. रंग उडाला त्याचा.

"तुम्ही..." तो म्हणाला. "मोसमभर पक्षी गप्प होते... ते तुम्ही केलंत?"

मॉझेलनं पिपाणी तोंडातून काढली, ॲप्रनला पुसली. "किती पावलं होता, डेलमर?"

"चाळीस."

"हॉयटचाही चाळीसच होता. डबी ओळखली होतीस ना तू?"

त्यानं मान खाली घातली. नाही म्हणाला नाही.

"आठ दिवस माझा नवरा खिडकीशी पडून ही शांतता ऐकत होता. आता तू ऐक," ती म्हणाली आणि स्टूल उचलून चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीच्या कठड्यावर त्या दोन नख्या ठेवलेल्या होत्या, दोरीसकट. मॉझेलनं त्यांना हात लावला नाही. अजून तिथंच आहेत. मला वाटलं, चला, फिटलं. मला स्वतःलाच आता पुरे झालं होतं, खरं सांगते. त्या डाव हाणण्यानं माझा खांदा अजून दुखतो.

मग हिवाळा आला. डेलमरनं उचकी सोडून दिली. त्रेसष्टाव्या वर्षी तो नवी हाक बसवायला लागला. संध्याकाळी त्याच्या ओसरीवरून आवाज यायचा, दोन सूर, एक घसरणारा, मग पुन्हा दोन. सारखा चुकायचा. कुत्रं पुन्हा ओसरीखाली गेलं असणार. मला खरंच त्याची कीव आली. मी मॉझेलकडं गेले आणि म्हटलं, "ऐकलंस? पहिल्यापासनं शिकतोय बिचारा. आता तरी सोड त्याला."

ती शाल पांघरून कठड्यापाशी बसली होती, त्या नख्यांच्या शेजारी. तिनं बोट वर करून मला गप्प केलं. खालून डेलमरची नवी हाक आली. मॉझेलनं जबडा खाली पाडला आणि तिच्या तोंडातून तीच हाक निघाली, हळू, घसरणाऱ्या सुरासकट.

"शेवट अजून बसत नाहीये त्याचा," ती म्हणाली. "बसू दे. मार्चला वेळ आहे."