नळी एकाची, बूड दुसऱ्याचं

उत्तम तायडे गेल्याचं मला वासुदेव या शेतकऱ्याकडून कळलं आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी राग आला. खामगावच्या त्यांच्या घरून पहिला फोन सोनाळ्याला वासुदेवला गेला, आणि कॉलेजपासूनचा दोस्त मी, तर मला लोणारला ही बातमी त्या वासुदेवनं द्यायची. "जेवून लवंडले साहेब, ते उठलेच नाई," तो म्हणाला. मरणसुद्धा या माणसानं नीटनेटकं मिळवलं... मी इथं गुडघे आणि शुगर सांभाळत बसलोय.

उत्तमचा मला हेवा वाटायचा आणि तो लपवायचे कष्ट मी कधी घेतले नाहीत. न्यायवैद्यक प्रयोगशाळेसाठी आम्ही दोघांनी अर्ज केले होते. तो तिथं बंदुकांच्या विभागात लागला, मी फौजदार झालो. पिस्तूल माझ्या कमरेला, पण पिस्तुलाचा विषय निघाला की माना वळायच्या त्याच्याकडे. बंदुकीतली सुई काडतुसाच्या मागच्या चकतीवर आदळते, तिची खूण त्या बंदुकीची एकटीची असते, सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखता येते... हे तो आमच्या घरी जेवता जेवता सांगायचा आणि माझी बायको तव्यावरची पोळी करपेपर्यंत ऐकायची. मी नोकरीत कितीतरी चोर पकडले. एकदाही पोळी करपली नाही.

या हेव्यापायीच पुढचा प्रकार घडला. सोनाळ्याकडच्या भागात मी ठाण्यावर असताना निवडणूक आली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, तशा नामदेव आणि वासुदेव या दोन चुलतभावांच्याही झाल्या. पिकातली डुकरं हाकलायला घेतलेल्या, एकाच कारखान्याच्या, जुळ्या बहिणींसारख्या एकनळी बंदुका. उत्तम गप्पा मारता मारता बंदूक खोलून पुन्हा जोडायचा. आपल्यालाही ते येतं हे शिपायांना दिसावं म्हणून मी दोन्ही एकदम खोलल्या, तेल दिलं, पुसल्या, जोडल्या. शिपाई "वा साहेब" म्हणाले. निवडणूक झाल्यावर नळीवरचा नंबर बघून ज्याची त्याला परत दिली. नंबर नळीवर असतो तसा मागच्या लोखंडी बुडावरही असतो, सुई त्या बुडातच असते आणि दोन्ही नंबर एकच असायला हवेत... एवढं बघायचं मात्र राहिलं.

पुढं हरभरा सोंगायच्या दिवसांत धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातून त्यांच्या एका शेजाऱ्याच्या पायात छर्रे घुसले. पळणारा फक्त पाठमोरा दिसला, आणि दोघे भाऊ अंगापिंडानं सारखे. जागेवर रिकामं काडतूस मिळालं. मी दोन्ही बंदुका ठाण्यात आणल्या आणि या वेळी काम शास्त्रशुद्ध व्हावं म्हणून बुडावरचा नंबर पाहून चिठ्ठ्या बांधल्या, सगळं उत्तमकडे पाठवलं. काडतूस कोणत्या बुडातून उडालं ते त्यानं फोनवर सांगितलं. तो नंबर वासुदेवच्या परवान्यावरचा होता. मी वासुदेवला आत घातलं. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. "त्याइनं बंदुकीले हात नाई लावला साहेब," एवढंच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी उत्तमचा पुन्हा फोन आला.

"दोन्ही बंदुकीत नळी एकाची अन् बूड दुसऱ्याचं हाय. कोणं खोलल्या होत्या बे?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो.

"तू?"

"साफ केल्या होत्या..."

"वापस देताना कोणता नंबर पाह्यला?"

"नळीवरचा."

"मंग वासुदेवचं बूड नामदेवच्या घरी होतं. सोड त्याले."

मी म्हटलं, सोडतो, पण अहवालात ती नळी-बुडाची ओळ घालू नको, माझं प्रमोशन तोंडावर आलंय. तो म्हणाला, "मी नाई लिहिलं तं नामदेवचा वकील उद्या कोर्टात तोच नंबर दाखवीन अन् वासुदेव पुन्हा अडकन. अन् नळी पाहून वापस केल्या, हा जबाब तुलेच द्या लागन. दोस्तीचं मंग पाहू."

जबाब दिला. वासुदेव सुटला, माझी चौकशी बसली, प्रमोशन गेलं. माझ्या निरोप समारंभातही हा किस्सा कोणी सोडला नाही. तेही पचवलं. पचलं नाही ते हे, की वासुदेव दर हंगामात संत्र्यांची पिशवी घेऊन खामगावला उत्तमकडे जाऊ लागला. उत्तमची पोरं त्याला काका म्हणू लागली. प्रमोशन घालवलं मी आणि संत्री उत्तमला! एकदा चिडून बोलून दाखवलं तर म्हणे, "तुले फोड पाह्यजे तं ये ना घरी." मी जायचो, खायचोही. पण दोस्तीचं त्यानं मग काय पाहिलं, पाहिलं की नाही, हे कधी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही. फौजदाराला एवढा एकच प्रश्न विचारता आला नाही.

उत्तमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदनेला, वासुदेव पुढं, घरच्या माणसांत बसला होता. मी मागं, चपलांजवळ.

परवा वहिनींना भेटायला गेलो तर तिथंही वासुदेव आधीच हजर. वहिनींनी चहा ठेवला, साखरेचा डबा काढला, आणि मी बघतच राहिलो. स्टीलचा तो डबा आमच्या लग्नातला, पोटावर माझं नाव कोरलेलं. झाकणावर मात्र 'तायडे'. कधीतरी बायकोनं त्यातून चिवडा पाठवला असेल.

"वहिनी, हा आमचा डबा."

"हाव ना. कितीकदा म्हटलं वापस देऊन येतो, तं हात लावू देत नव्हते. एका कपाटातल्या दोन गोष्टींचा नंबर न जुळला तं जेवण न जाणारा माणूस... पण या डब्याले म्हणत, हे असंच राहू दे, हे दोघांचं हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. थोड्या वेळानं वासुदेवकडं वळून विचारलं, "तुझं काही आहे का रे इथं?"

"माही तं पिशवी बी धुवून वापस देत, साहेब," तो बिचारा म्हणाला.

निघताना वहिनींनी विचारलं, डबा रिकामा करून देऊ का. नको, असू द्या, मी म्हटलं. वासुदेव बाहेर चपला घालत होता, त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.