चाकांवरचं घर आणि निळ्या ताटल्या

मेल्विना फॅरोचं घर हॅटरस बेटावर समुद्रापासून तिसऱ्यांदा मागे सरकायला निघालं होतं आणि म्हातारी आत स्वयंपाकघरात अंजिराचा केक कापत बसली होती. घर हलताना आत कोणी बसायचं नसतं, पण तिला उतरवणार कोण? घरं हलवणाऱ्या रूफसने खालून हाक मारली, "काकू, खाली या." ती म्हणाली, "मागच्या खेपेला तुझा बापही असाच ओरडून दमला होता. जॅक लाव."

समुद्रावर तिचा राग नव्हता. इथे लाटा तिरक्या येतात, वाळू उचलतात आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला ढकलत नेतात. लोकांनी कुंपणं घातली, नाताळची वाळकी झाडं आडवी टाकून वाळू अडवली, पण दोन हिवाळ्यांत सगळं होत्याचं नव्हतं झालं. "माझं अंगण आता खालच्या गावात चुलतबहिणीच्या दारात जाऊन पडलंय," मेल्विना सांगायची, "आणि मेली भाडंही देत नाही."

धास्ती होती ती तिच्या मुलाला. वेंडेल ट्रक घेऊन आला होता, आईला समुद्रापासून लांब, आपल्या शहरात न्यायला. आदल्या दिवशी वाद घालून घालून शेवटी पैज लागली. घर सरकताना मेल्विनाच्या आजीच्या निळ्या ताटल्यांपैकी एक जरी फुटली तर आई त्याच्याबरोबर जाणार. नाहीतर बेटावरच राहणार. लक्ष ठेवायचं म्हणून तोही आत येऊन बसला.

घर डुलत निघालं. खिडकीबाहेर वाळूचे ढीग चालू लागले. वेंडेलने टेबल घट्ट धरलं, मेल्विनाला तर हसू आवरेना. "लहानपणी घोड्यावर बसवलं तेव्हाही तोंड असंच केलं होतंस," ती म्हणाली. तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं, मांडणीवरची एक ताटली निसटली, काठावर उभी गडगडत गेली आणि जमिनीतून आरपार नाहीशी झाली.

बेटावरच्या जुन्या घरांच्या लाकडी जमिनीत एक झडप असते. वादळात ती उघडून पाणी आत घ्यायचं, म्हणजे घर तरंगून वाहून जात नाही. घरावर संकट आलं की झडप उघडायची, ही मेल्विनाच्या हाताची सवय. पाण्याचा थेंब नसताना आज सकाळीही तिने ती उघडून ठेवली होती आणि वेंडेल पोट धरून हसला होता.

घर थांबलं. झडपेतून रूफसचा हात वर आला. हातात ताटली, वाळूने माखलेली. टवकासुद्धा उडाला नव्हता.

"पडली की नाही?" वेंडेल म्हणाला.

"पडलीच की. बोली फुटायची होती." त्याच ताटलीत तिने त्याला केक वाढला. मग दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

संध्याकाळी घर नव्या खांबांवर टेकलं. मागे रस्ता आणि त्यामागे लगेच खाडी. ते बघून वेंडेलचं हसू ओसरलं.

"आई, पुढच्या खेपेला कुठे सरकणार? मागे जागाच उरली नाही."

"मग तुझ्याकडे येईन. घर घेऊन."



"माझ्या घरामागचं अंगण रिकामंच आहे," वेंडेल म्हणाला. "कुंपण तेवढं काढावं लागेल."