निळा पेन ड्राइव्ह
आज खण आवरताना निळा पेन ड्राइव्ह हाती लागला आणि जवाहर चौकातल्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानदारावरचा राग पुन्हा उफाळून आला. गळ्याच्या ऑपरेशनआधी बायकोने आमच्या बाग सेवनियातल्या घरात, पंखा बंद करून, घामाने निथळत आठ भजनं रेकॉर्ड केली होती. ऑपरेशननंतर तिचा आवाज घोगरा झाला आणि गाणं थांबलं ते थांबलंच. त्या भजनांमधली खरखर काढावी म्हणून मी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकून घ्यायला कॉम्प्युटर त्याच्याकडे नेला. “भाईसाब, पहले पुरानी फाइलों की कॉपी बना लें? उसका अलग लगेगा,” तो म्हणाला. “अलग-वलग कुछ नहीं, बस सॉफ्टवेअर डालो,” म्हणत मी ते काम सौद्यातून उडवलं. संध्याकाळी घरी नव्या आवृत्तीत आठही फाइली उघडून पाहिल्या, तर सगळ्या रिकाम्या; पडद्यावर आवाजाची एक रेघही नव्हती. मागून बायकोने हळूच विचारलं, “आहेत ना हो?” “आहेत, आहेत,” असं खोटं बोलून मी स्कूटर काढली. दुकानात मी इतका ओरडलो की शेजारचे गोळा झाले. त्याने शांतपणे हा पेन ड्राइव्ह पुढे सरकवला. “आप जैसों की कॉपी मैं बिना पूछे बना लेता हूँ.” पैसे देऊ केले, तर घेतले नाहीत. भजनं वाचली, पण कॉपी केलीय हे मी कॉम्प्युटर घेऊन निघतानाच सांगायला त्याचं काय जात होतं? तेव्हापासून तो सांगेल ती किंमत मी निमूट देतो, आणि तेच मला अजून सहन होत नाही.