अमावस्येला दिलेला फोन

आमच्या दुकानात बायकांनी फोन विकायचा नाही, असा काही लेखी नियम नव्हता. पण सात वर्षं मी तिथं कव्हरं विकली, काचेवर गार्ड चिकटवले, फोन मात्र एकदाही विकला नाही. ते काम पोरांचं. मी सिंधु, नांदेडातच जन्मले, तोंडानं फटकळ, पण शेठपुढं गप्प. आता सांगताना माझी मलाच लाज वाटते.

दिवाळी झाली अन् सुकन्या आली. निलंग्याकडच्या खेड्यातली, चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली. वडील नाहीत, घरी आई केवळाबाई अन् थोरला भाऊ वैजनाथ. दयानंद शेठनं पहिल्याच दिवशी तिला माझ्या शेजारचा स्टूल दाखवला. म्हणाले, "ताईकडून गार्ड लावायचं शिकून घे."

"शेठ, मी फोन विकायला आले," सुकन्या म्हणाली. "जाहिरातीत तसंच लिहिलं होतं."

"बरं, महिनाभर बघतो. नाही जमलं तर घरी."

"बघा की!"

अगं बाई! माझ्या हातातला गार्ड वाकडा चिकटला अन् गिऱ्हाईक माझ्यावर खेकसलं.

तिसऱ्या दिवशी हिमायतनगरकडचं एक जोडपं आलं. त्यातले बाबा बायकोकडं बोट करून म्हणाले, "हिच्यासाठी साधा दाखवा. आलेला फोन उचलता आला म्हंजे झालं." आमच्याकडची रीत अशी, की ज्याच्या खिशात पैसे त्याच्याशी बोलायचं, बाई मागं पिशवी धरून उभी राहते. सुकन्यानं खुर्ची ओढली, बाईला बसवलं अन् फोन तिच्या हातात दिला. "काकू, तुम्हाला कसा पाहिजे?" बाई नवऱ्याकडं बघायला लागली. सुकन्या म्हणाली, "त्यांच्याकडं काय बघता? धरणार तुम्ही." तेव्हा कुठं बाई हळूच बोलली, "लेक सुरतेला दिली. तिचं तोंड दिसलं पाहिजे." बाबांनी डोकं खाजवलं, अन् बाई मोठ्या काचेचा फोन घेऊन गेली. नंतर शेठ बडबडले, पण फार नाही. फोन खपला होता ना!

महिना संपला तेव्हा तिनं विक्रीत दुकानातल्या तिन्ही पोरांना मागं टाकलं होतं. शेठनं तिला ठेवून घेतलं. मनातून मी लई खुश होते, अन् थोडी जळतही होते. खोटं कशाला बोलू?

पण ही वाघीण दुपारी डबा उघडला की गप्प व्हायची. आईची आठवण काढून पोरगी झुरत होती. केवळाबाईला स्वतःचा फोन नव्हता. त्या वैजनाथच्या फोनवरून बोलायच्या, अन् तो स्पीकर लावून शेजारीच बसायचा. "जेवलीस का?" "हाव." "थंडी हाय का?" "हाय." एवढंच बोलणं व्हायचं. मग मधेच वैजनाथचा आवाज, "कवा येतीस परत? लोक काय म्हणून राहिले, ठाव हाय का?"

एकदा तिनं भाकरी तशीच ठेवली अन् म्हणाली, "ताई, दिवसभर मी लोकांच्या आयांना फोन विकते. अन् माझ्याच आईशी दोन शब्द एकटीनं बोलता येईनात." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मार्गशीर्षात वैजनाथनं फर्मान काढलं. "येळवसला ये. शेतात पाहुणे बोलावलेत. पसंत पडली की नांदेडला परत जायचं काम न्हाई." आई एवढंच म्हणाली, "ये, भज्जी करते."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडची माणसं त्या दिवशी घराला कुलूप घालून शेतात जेवायला जातात. माझ्यासारख्या शहरातलीला ते नवलच.

"ताई, मला जायचंय," सुकन्या म्हणाली. "आईलाही मी घरी पाहिजे, का ती दादाला भिऊन गप्प आहे, हेच मला कळंना. तिनं एकदा म्हणलं ना, सोड नोकरी, तर मी सोडीन. पण तिनं म्हणलं पाहिजे. दादानं नाही."

शेठ सुट्टी देईनात. "अमावस्येला कुठं सण असतो का?"

"शेठ, अमावस्येला आपल्या दुकानात कोण फोन घेतंय? मागच्या अमावस्येला दिवसभर माश्या मारल्या आपण. सिंधुताईंनाही सोडा, त्यांनी येळवस बघितली नाही."

शेठ हसले अन् दोघींनाही सुट्टी दिली. मी सात वर्षांत अशी सुट्टी मागितली नव्हती!

पहिल्या पगारातून तिनं आईसाठी फोन घेतला. उघडला की समोर सुकन्याचा फोटो, त्यावर बोट ठेवलं की तिलाच फोन लागायचा. पहाटेची एसटी धरून आम्ही दुपारी शेतात पोचलो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आत देव म्हणून मांडलेले चुना लावलेले पाच दगड, बाहेर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे अन् माठात ताकातली आंबील. पायवाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाका मारून जेवायला बसवत होते. मला तर हाताला धरूनच बसवलं. केवळाबाईंनी लेकीला जवळ घेतलं अन् तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. वैजनाथ शेजारीच उभा होता.

लिंबाखाली पाहुणे बसले होते. मुलाचे वडील बापूसाहेब म्हणाले, "पोरगी छान हाय. नोकरीचं काय, लग्नानंतर गरज न्हाई."

"गरज आहे," सुकन्या आंबिलीचा पेला त्यांच्यापुढं ठेवत म्हणाली. "उद्या दहाला माझं दुकान उघडतं. सोडायला सांगणार असाल तर आत्ताच नाही म्हणते. तुमचाही वेळ वाचंल."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. मी मात्र मनात म्हटलं, शाब्बास पोरी!

मग तिनं पिशवीतून फोन काढला अन् सगळ्यांदेखत आईच्या हातात दिला. "आई, हा तुझा. माझ्या फोटोवर बोट ठेव, मला लागतो."

"अमावस्येला नवी वस्तू देतात का कुणी?" बापूसाहेबांच्या बायकोनं नाक मुरडलं.

"आमच्या शेतात आजच्याएवढा मोठा दिवस दुसरा नाही, काकू."

वैजनाथनं हात पुढं केला. "आण इकडं, मी ठेवतो. तिला काय कळतंय त्यातलं?"

"तुला बरं कळतं सगळं! दादा, हात लावायचा नाही," सुकन्या म्हणाली. केवळाबाईंनी फोन मुकाट्यानं चोळीत खुपसला. लेकीच्या बाजूनं एक शब्द नाही, विरोधातही नाही. पाहुणे हात धुऊन उठले. वैजनाथ ओरडला, "सणाचा इस्कोट केलास! आता परत तोंड दाखवू नको." सुकन्यानं देवाच्या पाया पडून चप्पल घातली. आई कोपीच्या दाराशी उभी होती, खाली बघत.

निलंग्याच्या स्टँडवर आम्ही एसटीत बसलो. ऊन अजून होतं. सुकन्या खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "आईला मी घरीच पाहिजे होते बहुतेक." पहिल्यांदाच तिच्या आवाजातला जोर गेला होता. मला वैजनाथच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, अन् त्या गप्प बाईलाही दोन शब्द सुनवावेसे वाटत होते.

गाडी सुटायच्या आधी तिचा फोन वाजला. तिनं मधे धरला, मलाही ऐकू येत होतं. आधी नुसता वाऱ्याचा आवाज आला. मग केवळाबाई बोलल्या.

"मी बांधावर आले. जवळ कुणी न्हाई."

"आई, खरं सांग. मी परत येऊ का?"

"लई आठवण येती गं तुझी. ताटाला बसलं की येती, जात्यापाशी येती." त्या रडत होत्या. "सणाला ये. आजारी पडले तर ये. पर ऱ्हायला येऊ नको, बाई. हे मी सांगते, तुझा दादा न्हाई."